सहकारातील अस्मिता: जामीनदार की मालक?

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेत घरदुरुस्तीच्या कर्जाचा अर्ज द्यायला गेलो होतो. अर्जासोबत पगाराचा दाखला, घराचा उतारा आणि दोन जामीनदारांच्या सह्या होत्या. खिडकीपलीकडच्या कारकुनाने त्यातला एकही कागद उलटला नाही. त्याने आडनाव वाचले, मान वर केली आणि विचारले, "तुम्ही कुठले?" मी गावाचे नाव सांगितले. "ते झालं, पण मूळचे कुठले?" मूळ गाव सांगितल्यावर त्याच्या आत्याचे सासर त्याच पंचक्रोशीतले निघाले, दोन-तीन आडनावांची उजळणी झाली आणि अर्जावर शिक्का बसला. माझ्यामागे उभ्या असलेल्या गृहस्थांचे कागद माझ्याइतकेच, किंबहुना माझ्याहून नीटनेटके होते. त्यांनाही तोच प्रश्न झाला. उत्तर ऐकून कारकून म्हणाला, "साहेब रजेवर आहेत, सोमवारी या."

त्या कारकुनाला जातीयवादी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. सहकाराच्या व्यासपीठावर जी भाषणे होतात त्यांच्या हिशेबाने तो दोषीच आहे, कारण आंतरराष्ट्रीय सहकारी महासंघाने १९९५ साली जी सात तत्त्वे पुन्हा मांडली, त्यांतले पहिलेच तत्त्व ऐच्छिक आणि खुल्या सभासदत्वाचे असून त्यात लिंग, वंश, धर्म वा राजकीय मत यांवरून भेद करू नये असे स्वच्छ म्हटले आहे. तरीही तो माणूस नेमके काय करत होता हे पाहिले पाहिजे. पैसे परत येतील की नाही हे कागदावरून कळत नाही, असा त्याचा अनुभव होता आणि म्हणून तो अर्जावर नाव नसलेला तिसरा जामीनदार शोधत होता. सहकाराच्या इतिहासात जात, भाषा आणि राष्ट्र ही मंडळी बहुतेक वेळा याच नात्याने आलेली दिसतात. माझे म्हणणे एवढेच आहे की जामीनदार म्हणून अस्मितेचे सहकारावर मोठे उपकार आहेत, आणि तोच जामीनदार मालक होऊन बसला की सहकाराचा सहकार राहत नाही. हे स्थित्यंतर कधी उघडपणे, उपविधीत म्हणजे संस्थेच्या नियमावलीत लिहून होते आणि कधी कोणाच्या लक्षातही येत नाही.

पोलंडचे उदाहरण आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. एकोणिसाव्या शतकात पोलंड नावाचे राज्यच नकाशावर नव्हते. पोझ्नान आणि भोवतालचा मुलूख प्रशिया या जर्मन राज्याच्या ताब्यात होता. १८८६ मध्ये बिस्मार्कच्या सरकारने दहा कोटी मार्कांचा निधी देऊन एक वसाहत आयोग नेमला. पोलिश जमीनदारांच्या जमिनी विकत घेऊन तेथे जर्मन शेतकरी बसवणे हे त्याचे काम. पोलिश शेतकऱ्यांजवळ सरकार नव्हते, सैन्य नव्हते, पण गावोगावी उभ्या राहिलेल्या सहकारी पतपेढ्या होत्या, आणि त्यांच्या संघाचे नेतृत्व प्योत्र वाव्झिन्याक यांच्यासारखे कॅथलिक पाद्री करत होते. रविवारी ज्या पाद्र्यासमोर पापाची कबुली द्यायची त्याच्याच पेढीचे कर्ज बुडवणे किती अवघड असेल याची कल्पना करावी. ठेवी वाढल्या, जमिनी पोलिश हातांत राहिल्या आणि आयोगाचे उद्दिष्ट बव्हंशी फसले. परक्या सत्तेने हिरावलेले राष्ट्र ही त्या पेढ्यांची खरी ठेव होती.

याच चळवळीच्या सावलीत 'आपल्या माणसाने आपल्या माणसाकडेच जावे' अशी घोषणाही वाढली. आधी तिचा रोख जर्मन व्यापाऱ्यावर होता. पुढे तो ज्यू दुकानदारावर वळला, आणि १९१२ नंतर रशियाच्या ताब्यातील पोलंडमध्ये ज्यूंवरील बहिष्काराची ती घोषणाच झाली. ज्या ज्यू दुकानदाराने कोणाचीही जमीन घेतली नव्हती, तो परका ठरला. आपल्याकडे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली तेव्हाही रोख प्रामुख्याने मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. राग व्याजाचा होता की परकेपणाचा, हे त्या आगीत वेगळे काढता येत नाही. सहकारी पतपुरवठ्याची आपल्याकडची चर्चा ज्या परिस्थितीतून निघाली, तिचा हा एक भाग आहे, आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांमधून तो सहसा गाळला जातो.

मुंबईतील सारस्वतांची कथा याहून सौम्य आणि माझ्या मते अधिक शिकण्याजोगी आहे. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि दोनच वर्षांत, १९०६ च्या डिसेंबरात, श्रीपाद सुब्बराव तल्मकी यांनी आपले गुरू शामराव विठ्ठल यांच्या नावाने पतसंस्था काढली. कारवार, होनावर, मंगळूर या पट्ट्यातून कारकुनीसाठी मुंबईत आलेले चित्रापूर सारस्वत हे तिचे सभासद. १९१५ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, जिला देशातील सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात मानतात. १९१८ मध्ये सारस्वत बँकेची मूळ संस्था निघाली. एवढ्या लहानशा समाजातून, एवढ्या थोड्या काळात, इतक्या संस्था कशा उभ्या राहिल्या? समाज हुशार होता, हे उत्तर समाजाला आवडते, पण ते अपुरे आहे. मुंबईत पन्नास रुपये बुडवून दुसऱ्या चाळीत राहायला गेलेल्या कारकुनाला शहरात कोणी शोधणार नव्हते. मात्र ती बातमी पुढच्या टपालाने होनावरला पोहोचली असती आणि बहिणीचे लग्न जमवताना ती आडवी आली असती. माहिती फुकट आणि वसुली घरबसल्या, अशी सोय कोणत्याही पेढीला हवीच असते.

पुढे काय झाले हेही पाहावे. ठेवी वाढल्या, शाखा वाढल्या, तसा कर्जदाराचा भरवसा त्याच्या मठावरून न ठरता त्याच्या हप्त्यांवरून ठरू लागला. सारस्वत बँक आज देशातील सर्वांत मोठी नागरी सहकारी बँक आहे. गेल्या दोन दशकांत ज्या अडचणीतल्या बँका तिने सामावून घेतल्या त्यांत मराठा मंदिर सहकारी बँक होती, कोल्हापूर मराठा सहकारी बँक होती, साउथ इंडियन सहकारी बँक होती. आणि २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकही तिच्यात विलीन झाली, जिची सुरुवात १९६८ साली जॉर्ज फर्नांडिस यांनी मुंबईतील कामगारांसाठी केली होती. मराठ्यांच्या, दाक्षिणात्यांच्या आणि कामगारांच्या नावाने निघालेल्या बँकांचे खातेदार सारस्वत नावाच्या पाटीखाली आले आणि शहरात कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. पाटीवरचा शब्द आता बाटा किंवा गोदरेज या शब्दांसारखा झाला आहे. जामीनदार निवृत्त होतो तो असा, समारंभ न करता. पाटी बदलावी अशी मागणी कोणी करत असेल तर ती मला निरर्थक वाटते.

याच्या उलट टोकाला अहमदाबादच्या झोरास्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेचा खटला आहे. १९२६ मध्ये नोंदलेल्या या संस्थेच्या उपविधीत सभासदत्व पारशांपुरते मर्यादित होते. एका सभासदाला आपला बंगला बिल्डरला द्यायचा होता. संस्थेने नकार दिला. गुजरात उच्च न्यायालयाने असे बंधन अयोग्य ठरवले, आणि एप्रिल २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून संस्थेची बाजू उचलून धरली. न्यायालयाचा युक्तिवाद थोडक्यात असा की संस्था स्थापण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने दिले आहे, त्यात कोणाबरोबर संस्था स्थापायची हेही आले, आणि खुल्या सभासदत्वाचे तत्त्व कायदा व उपविधी यांच्या चौकटीतच वाचायचे. महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था कायदाही पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारू नये असे सांगतो, पण ते 'पात्र' व्यक्तीला. आणि पात्रता ठरते कायदा व उपविधी यांवरून. मुख्य दार खुले ठेवून आतल्या दाराला कुलूप लावण्याची ही तऱ्हा.

पारशांची बाजू मला समजते. संख्येने रोडावत चाललेल्या समाजाला आपल्या माणसांच्या शेजारी राहावेसे वाटणे यात द्वेष नाही, आणि बिल्डरविरुद्ध उभ्या ठाकलेल्या जुन्या वसाहतीविषयी सहानुभूती वाटणेही स्वाभाविक आहे. तरीही हा निकाल मला पटत नाही, आणि त्याचे कारण सहकाराच्या आतले आहे. पतसंस्थेत अस्मिता काहीतरी काम करते: कर्जदाराची माहिती देते, वसुली स्वस्त करते. गृहनिर्माण संस्थेत इमारत उभी राहून पैसे फिटले की तिला जामिनाचे कोणतेही काम उरत नाही. देखभालीचा मासिक खर्च वेळेवर येतो की नाही, पाण्याची टाकी कोण धुऊन घेतो, यांचा धर्माशी संबंध नाही. जे उरते ते फक्त दार अडवण्याचे सामर्थ्य, आणि तेही अशा शहरात की जिथे घर घ्यायचे म्हटले तर सहकारी संस्थेचे सभासद होण्यावाचून सहसा गत्यंतर नसते. जी संस्था खासगी क्लबासारखी वागू पाहते, तिने क्लबासारखेच राहावे. सहकार निबंधकाची नोंदणी, थकबाकी वसुलीचे कायदेशीर अधिकार आणि सहकाराचे नाव यांवर तिने हक्क सांगू नये.

उपविधीत तसे लिहिलेले नसतानाही काय होते, हे घर शोधणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. माझ्या एका मित्राची उपनगरातील एका संस्थेच्या समितीसमोर 'मुलाखत' झाली. पाच जण, चहा, बिस्किटे आणि प्रश्न: "तसं काही नाही हो, पण घरी नॉनव्हेज होतं का?" त्याने होय म्हटले. आठवड्याभराने दलालाचा फोन आला की मालकाचा विचार बदलला. कुठेही काही लिहिलेले नाही, त्यामुळे कुठे अपीलही नाही.

राष्ट्रीय अस्मिता आणि सहकार यांच्या चर्चेत स्पेनच्या बास्क मुलखातील मोन्द्रागॉन या कामगारांच्या सहकारी समूहाचे नाव टाळता येत नाही. स्पेनच्या यादवी युद्धात बास्क प्रांत हरले. विजयी हुकूमशहा फ्रँकोने बिस्काय आणि गिपुस्कोआ यांना देशद्रोही प्रांत ठरवले, त्यांचे आर्थिक विशेषाधिकार काढून घेतले, बास्क भाषेला शाळेतून आणि सार्वजनिक व्यवहारातून हद्दपार केले. युद्धकाळात बास्क वृत्तपत्रात काम केलेला आणि त्यापायी कैद भोगलेला होसे मारिया अरिस्मेंदिअरिएता हा तरुण पाद्री १९४१ मध्ये मोन्द्रागॉन या छोट्या औद्योगिक गावी आला. १९४३ मध्ये त्याने तंत्रशाळा काढली. तिच्या पाच विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये उल्गोर हा स्टोव्ह बनवणारा कारखाना सुरू केला, आणि १९५९ मध्ये काखा लाबोराल ही कामगारांची बँक आली. बँकेसाठी ठेवी गोळा करताना वापरलेली घोषणा मला फार आवडते. मराठीत सांगायचे तर 'पासबुक की पेटी': येथे बचत करा, नाहीतर पेटी उचला आणि पोटासाठी परमुलखात जा. राष्ट्र, भाषा, गाव या साऱ्यांचे ओझे त्या तीन शब्दांवर होते आणि त्यांनी ते पेलले.

सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या वेतनात सुरुवातीला एकास तीनचेच अंतर होते. त्याचे श्रेय काही जण बास्क खेड्यातील समतेच्या परंपरेला देतात. मला असली स्पष्टीकरणे संशयास्पद वाटतात, कारण शेजारच्याच बिल्बावमध्ये त्याच बास्कांनी पोलाद आणि बँकांची चांगली गडगंज भांडवलशाही उभी केली होती. अस्मितेपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरले ते हे की स्पेनच्या इतर भागांतून पोटासाठी आलेल्या, बास्क भाषेचा शब्दही न येणाऱ्या कामगारांनाही या कारखान्यांनी सभासद करून घेतले. भांडवलाचा आपला वाटा भरला की एक मत. सारस्वत बँकेत जे शंभर वर्षांत घडले ते येथे पहिल्या पिढीतच घडत होते.

मग जागतिकीकरण आले. उल्गोरचाच वारस असलेल्या फागोर या घरगुती उपकरणांच्या सहकारी कंपनीने १९९९ मध्ये पोलंडमधील व्रोत्स्वाव येथील कारखाना घेतला आणि २००५ मध्ये फ्रान्सची ब्रांट विकत घेतली. बास्क कारखान्यांतील कामगार मालक होते. व्रोत्स्वावचे कामगार नोकर होते. त्यांना ना मत होते, ना नफ्यातला वाटा. २०१३ मध्ये स्पेनमधील घरबांधणीचा फुगा फुटल्यानंतरच्या मंदीत फागोर दिवाळखोरीत निघाली, तेव्हा मोन्द्रागॉनच्या इतर सहकारी संस्थांनी तिच्या बहुतेक बास्क सभासदांना कामावर सामावून घेतले किंवा लवकर निवृत्ती दिली, आणि ही एकजूट खरोखर वाखाणण्याजोगी होती. व्रोत्स्वावच्या कामगारांच्या वाट्याला मात्र कोणत्याही खासगी कंपनीच्या दिवाळखोरीत येते तेच आले, कारखाना पुढे एका जर्मन कंपनीने घेतला. ज्या पोलिश शेतकऱ्यांनी सहकाराच्या बळावर जर्मन आयोगाला हरवले, त्यांच्या देशात शंभर वर्षांनी एक सहकारी संस्था भांडवलदार म्हणून आली, हा दैवदुर्विलास तिथल्या कोणाच्या लक्षात आला असेल का, ठाऊक नाही.

मोन्द्रागॉनच्या बाजूने सांगतात की परदेशी कामगारांना सभासद करणे कायद्याने अवघड होते, शिवाय त्यांना स्वतःलाच भांडवल गुंतवण्याची इच्छा नव्हती. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तरीही १९५६ मध्येही कायदा सोयीचा नव्हता आणि तेव्हा वाट काढली गेली होती. उपविधीत 'फक्त बास्क' असे कोठेही नव्हते. नोकर आणि सभासद यांच्यामधली रेघ तेवढी बरोबर राष्ट्राच्या सीमेवर येऊन पडली.

आपल्याकडे २०२३ च्या एप्रिलमध्ये अमूलने बेंगळुरूत दूध-दही विकण्याचे जाहीर केले आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर कर्नाटकच्या दूध महासंघाची नंदिनी हा कन्नड अभिमानाचा विषय झाला. त्या वादावर जास्त शब्द खर्चण्यासारखे नाही. दोन्ही शेतकऱ्यांच्याच संस्था, दोन्ही एकाच आणंदच्या साच्यातून निघालेल्या, आणि ज्या अमूलला तेव्हा गुजराती म्हटले गेले ती घडवणारे वर्गीस कुरियन केरळचे होते, ज्यांना अमूलचे संस्थापक त्रिभुवनदास पटेल यांनी परके मानले नाही. महिनाभर गाजलेल्या त्या वादात दूध घालणाऱ्याला लिटरमागे कोण किती देते, हा प्रश्न क्वचितच ऐकू आला.

महाराष्ट्राच्या साखर कारखानदारीकडे मी मुद्दाम शेवटी वळतो, कारण मोन्द्रागॉनची ती रेघ येथे अधिक ठळक दिसते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास प्रवरानगरला जे उभे केले, त्याने या राज्याच्या ग्रामीण भागाचे रूप पालटले, याविषयी दुमत नाही. एक खेड्यातला शेतकरी, दुसरे पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ; जातीपलीकडची ती जोडी होती. कारखान्याच्या उपविधीत जात नसते. सभासद होण्यासाठी कार्यक्षेत्रात ऊस लागतो, उसासाठी पाण्याखालची जमीन लागते, आणि ती जमीन पश्चिम महाराष्ट्रात प्रामुख्याने कोणत्या समाजाकडे होती हे सांगायला नको. कारखान्याची निवडणूक, जिल्हा बँक, दूध संघ, शिक्षण संस्था आणि शेवटी आमदारकी अशी जी शिडी तयार झाली, तिच्या पहिल्या पायरीवरच सातबारा मागितला जात होता.

त्या उसाला कोयता लावणारा माणूस मात्र बीड, अहिल्यानगरचा पाथर्डीकडचा भाग किंवा मराठवाड्याच्या इतर कोरडवाहू तालुक्यांतून येतो. तो बहुधा वंजारी, बंजारा किंवा दलित असतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत पहाटेपासून मोळ्या बांधून गाड्या भरायच्या, कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या खोपीत राहायचे. कार्यक्षेत्राबाहेरून आलेल्या उसाला कारखान्याच्या भाषेत 'गेटकेन' म्हणतात आणि त्याचीसुद्धा वेगळी नोंद व दर असतो. बाहेरून आलेल्या माणसाची नोंद मुकादमाच्या वहीत. कारखाना म्हणतो, तो आमचा कामगारच नाही, वाहतूक-तोडणीच्या कंत्राटाचा भाग आहे. व्रोत्स्वावच्या कामगाराला निदान पगारपत्रक होते.

यावर कारखान्यातील जाणत्या लोकांचे उत्तर ठरलेले आहे: ही माणसे हंगामी, आज येथे तर उद्या कर्नाटकात, त्यांना सभासद कसे करणार? पण कित्येक टोळ्या वर्षानुवर्षे त्याच कारखान्याला येतात. मुकादमाला त्यांची नावे, त्यांची गावे, त्यांची थकबाकी सगळे पाठ असते. पतसंस्थेच्या त्या कारकुनाला माझ्याविषयी जेवढी माहिती हवी होती त्याच्या दसपट माहिती येथे आहे. तेवढ्यावर उचल दिली जाते, तर तेवढ्यावर भागभांडवलाचा एक हप्ता कापून मताचा अधिकार का देता येऊ नये? कायद्यात त्यासाठी दुरुस्ती लागेल. सहकार कायद्यात याहून किरकोळ कारणांसाठी कितीतरी दुरुस्त्या झाल्या आहेत. तूर्त स्थिती अशी आहे की कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबर संपण्याच्या आत घ्यावी लागते, मंडपात सभासद बसतात, अहवाल वाचला जातो, उसाच्या दरावरून गोंधळ होतो, विषय मंजूर मंजूर म्हणत संपतात. आणि टोळ्यांच्या गाड्या गावाकडून निघतात त्या दसऱ्यानंतर.